ठप्पा मारलेलं झाकण

गव्हाच्या कोठीमागून बिल्कीसने ते पत्र्याचं गोल झाकण ओढून काढलं आणि त्याच्या आतल्या अंगाचा वास नाकात शिरताच तिला मोरीपर्यंत जाणंही झालं नाही... तिथेच ती भडभडून ओकली! कुजका, तेलकट, घशात चिकटून बसणारा वास! आठ महिन्यांपूर्वी इस्पितळातून तिच्या मेलेल्या लेकीची, कहकशाँची ओढणी परत आली तेव्हा तिलाही हाच वास होता. बिल्कीसने ती कितीदा धुतली, तरी तो गेला नव्हता.

झाकणाच्या कडेला ठप्पा होता. चंद्रकोर, खाली 'र'. साऱ्या अमरावतीत असा ठप्पा एकच टिनवाला मारायचा... तिचा दीर, रऊफ!

मोठा भाऊ वारल्यावर ज्याने स्वतःच्या लग्नाचा विषयही काढू दिला नाही, कोठ्या नि चाळण्या ठोकून पुतणीला शिकवलं, ती विद्यापीठात कपाशीवरच्या औषधांचं संशोधन करू लागली तेव्हा ज्याने गल्लीभर पेढे वाटले... तोच रऊफ!

"हे काय हाय?"

झाकण तिच्या हातात पाहून रऊफ दारातच भिंतीला टेकला. "भाभी... पोरीच्या विभागाच्या मोठ्या सरनं बलावलं होतं. म्हणे, माह्या नव्या केबिनात वास येते, छतावरच्या त्या नळीचं तोंड बंद कर. नळी कशाची हाय, मी इचारलंच नाई. मापाचं झाकण केलं, ठप्पा मारला..."

"आन् मंग?"

"चौथ्या दिवशी पोरगी गेली. प्रयोगाचा जहरी धूर त्या नळीतून वर निंगालाच नाई, आतच भरला. मातीहून घरी आलो त सरचा फोन... झाकण काढ आन् भंगारात टाक. काढलं. पन फेकवलं नाई, भाभी!"

"आठ महिने!" तिचा आवाज फाटला. "आठ महिने तुह्या हातचं पाणी पेली मी! तो सर खजुराचा डबा घेऊन आला, माह्या पोरीले बेपर्वा म्हणून गेला, आन् तू त्याले चहा पाजला?"

"पाजला... जेलले भ्यालो."

किळस आली तिला... त्या सराची, या माणसाची, त्याने भरून ठेवलेल्या माठाचीही! त्या दिवशी ती तहानलेलीच राहिली.

दुसऱ्या दिवशी कोर्टाची तारीख होती. मुलीनेच काळजी घेतली नाही, असं लिहून पोलीस फाइल मिटवायला निघाले होते. बिल्कीसने हरकत घेतली होती, पण हाती पुरावा नव्हता. झाकण दाखवलं नाही तर तिची लेक कायमची स्वतःच्याच मृत्यूची गुन्हेगार ठरणार... आणि दाखवलं तर घरातलं उरलेलं एकमेव माणूस तुरुंगात जाणार! सकाळी रऊफनेच झाकण पोत्यात गुंडाळलं. जड होतं, तिने दुसरी बाजू धरली.

"असला पत्रा कोणत्याही भंगारात मिळतो," कोर्टात सरांचा वकील हसला.

"मिळत नाई," रऊफ म्हणाला. "ठप्पा माहा हाय. छतावर चढा, नळीवर बसवून पाहा, केसाचाही फरक नाई. ठोकलं मी साहेब, मले सजा द्या... पन ठोकाले लावलं यायनं!"

त्याने पोतं पूर्ण उघडलं. तो वास दालनात पसरला आणि पुढच्या बाकावरच्या सरांनी झटकन रुमाल नाकाला लावला.

"कसला वास हाय, सर?" बिल्कीस ओरडली. "तुमच्या केबिनात नको होता न हा? माह्या पोरीच्या छातीत भरला तो!"

न्यायाधीशांनी तिला खाली बसायला सांगितलं, पण आवाज चढवला नाही. फाइल मिटणार नव्हती. झाकण जप्त झालं. दोघांवरही गुन्हा नोंदवून नव्याने तपास करण्याचा हुकूम निघाला... कारागिरावर, आणि त्याला हुकूम देणाऱ्यावरही! दालनाबाहेर पडताच सर रुमालात तोंड खुपसून कुणाला तरी फोन लावत राहिले.

बाहेर बाकावर पोलीस शिपायाशेजारी रऊफ बसला होता, ओठ सुकलेले. बिल्कीस समोर उभी राहिली. किळस अजून गेली नव्हती... पण कहकशाँला बोट धरून शाळेत नेणारे हातही हेच होते!

तिने पिशवीतली बाटली काढली, झाकण उघडलं.

"भाभी... मले?"

"आज माह्या हातचं पे," ती म्हणाली, आणि तो पिईपर्यंत बाटली तिनेच धरून ठेवली.