चुलीमागची भिंत

एका जुन्या, पिढ्यानपिढ्या वाचल्या गेलेल्या कादंबरीवरून त्या ऑफिसात व्हिडिओ गेम बनत होता. दीपगृहाचा राखणदार, त्याची बायको आणि त्यांचा म्हातारा कुत्रा, एवढीच गोष्ट. गेममधल्या चुका शोधायचं काम ज्यांच्याकडे होतं, त्यांना सगळे पालकाका म्हणत. त्यांची पद्धतच तशी होती. गेममधल्या घरात शिरलं की ते आपल्या पात्राला पालीसारखं प्रत्येक भिंतीला अंग घासत चालवायचे. भिंत कुठे कच्ची राहिली असेल तर पात्र आरपार जातं आणि पलीकडे नुसता काळोख असतो. असं भोक सापडलं की ते बुजवायला आधी प्रोग्रॅमरकडे तक्रार टाकायची आणि मगच आत डोकावायचं, ही त्यांची हाडीमासी खिळलेली सवय.

बायको गेल्यापासून घर त्यांना खायला उठायचं. म्हणून सुट्टीच्या दिवशीही ते ऑफिसात येऊन बसत. ही कादंबरी तिची फार लाडकी. दर हिवाळ्यात जेवणं उरकली की ती मोठ्याने वाचायची आणि प्रकरण संपलं की विचारायची, "अहो, झोपलात का?" हे म्हणायचे, "नाही गं." मगच पान उलटायचं. कुत्रा वादळात बुडतो ते पान मात्र तिला सोसायचं नाही. ते गुपचूप गाळून ती थेट दुसऱ्या दिवशीच्या सकाळवर यायची.

त्या सुट्टीच्या दुपारी ऑफिसात चिटपाखरू नव्हतं. दीपगृहाच्या स्वयंपाकघरात, चुलीमागे, पात्र भिंतीत गेलं. पालकाकांनी सवयीने तक्रार टाकली आणि आत पाहिलं.

काळोख नव्हता. एक कंदील होता, दोन रिकाम्या खुर्च्या होत्या. रॉकेलचा वास आला. कॉम्प्युटरमधून वास येत नाही हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, तरी आला. आणि कुणीतरी वाचत होतं...

आवाज ओळखीचा होता. गेमसाठी आवाज भरणारी बाई येऊन गेली असेल, असं त्यांनी स्वतःला बजावलं. तेवढ्यात गोष्टीतला कुत्रा वादळात बाहेर पडला. वाचणारी जराशी थबकली. आणि थेट सकाळ झाली.

"अहो... झोपलात का?"

त्यांच्या हेडफोनला माईक नव्हता. तरी ते पुटपुटले, "नाही गं..."

पान उलटल्याची सळसळ ऐकू आली.

तिन्हीसांजेपर्यंत ते ऐकत राहिले. किती दिवसांनी कुणीतरी त्यांची विचारपूस केली होती! घरी जाताना ते चक्क शीळ घालत होते. तक्रारीची आठवण झाली ती दुसऱ्या दिवशी, ऑफिसच्या जिन्यात. धापा टाकत त्यांनी प्रोग्रॅमर मुलीचं टेबल गाठलं.

"ती चुलीमागची भिंत... राहू दे ना तशीच."

"अहो काका, सकाळीच बुजवली मी!" ती हसली. "तुमची तक्रार आली की मी चहासुद्धा घेत नाही."

"आणि आतली खोली?"

"कसली खोली? मागे काहीच नव्हतं. मी स्वतः बघितलं ना."

"आवाज होता गं... वाचत होती ती."

"आवाज अजून भरलेच नाहीयेत आपण." तिचं हसू मावळलं. "काका, बरं नाही का वाटत? घरी जाता का?"

घरी. घरी कोण होतं त्यांचं?

ते आपल्या जागेवर आले. हेडफोन चढवला आणि पात्राला चुलीमागे नेलं. भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत घासून पाहिली, पुन्हा घासली. कुठे फट म्हणून नव्हती. शेवटी हेडफोन काढायला हात वर गेला, आणि भिंतीपलीकडून अगदी बारीक आवाज आला.

"अहो... झोपलात का?"

"नाही गं!" ते ओरडले. सगळं ऑफिस वळून बघू लागलं. "जागा आहे मी! इथे आहे, अलीकडे!"

मग तिच्या शेजारच्या खुर्चीतून एक पुरुषाचा आवाज आला. पेंगुळलेला, समाधानी... आणि हुबेहूब त्यांचाच.

"नाही गं..."

आणि पान उलटलं.