बफर कुणी बनवलं?

तो दार ढकलून आत आला आणि माझ्या हातातला परीक्षानळ्यांचा स्टँड थेट त्याच्या पांढऱ्या शर्टावर कलंडला. निळं लिटमस खिशापासून कोपरापर्यंत पसरलं. तो हसत म्हणाला, "चला, पहिल्याच दिवशी शाळेचा रंग चढला."

मी प्रयोगशाळेतली सहायक, तो रसायनशास्त्राचा नवा शिक्षक. सगळी शाळा मला 'ताई' म्हणायची, तो मात्र 'मॅडम'. हायड्रोक्लोरिक आम्ल कुठे असतं, हे त्याने मला चारदा विचारलं. पाचव्यांदा मी म्हणाले, "सर, बाटली जागची हललेली नाही."

"मग मीच विसरभोळा," तो म्हणाला. पण एकशेवीस मुलांची नावं त्याला तोंडपाठ होती…

प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी आईला डॉक्टरांकडे न्यायचं होतं. परीक्षेसाठीचं बफर द्रावण मी पुरं करतो, तुम्ही निघा, असं तो म्हणाला. मी निघाले.

सकाळी सवयीने थोड्या बफरमध्ये रंगदर्शक टाकून तपासलं. चांगल्या बफरमध्ये आम्लारीचे दोन थेंब पडले तरी रंग हलत नाही. इथे हिरवट द्रावण क्षणात जांभळं झालं. नेमक्या तेव्हाच मुख्याध्यापिका परीक्षकांना घेऊन आल्या आणि विचारू लागल्या, हे कुणी बनवलं? बाटलीवर सही माझी होती, आदल्या दिवशी लेबल लावतानाच केलेली. त्याची नोकरी अजून कच्ची… मी 'मी' म्हणणारच होते, तोच तो पुढे आला.

"मी बनवलं. अ‍ॅसेटिक आम्ल घालायचं राहिलं. मॅडम तेव्हा इथे नव्हत्याच."

बाईंनी पंधरा मिनिटं दिली. तो वजन करत होता, मी मोजून ओतत होते. बोटांना बोटं लागत होती, पण मागे कुणीच घेत नव्हतं. पुन्हा दोन थेंब टाकले. रंग हलला नाही. परीक्षकांनी मान डोलावली.

संध्याकाळी बीकर धुताना मी विचारलं, अख्खं आम्लच कसं काय विसरलात?

तो एकच बीकर तिसऱ्यांदा धूत होता. "सोडियम अ‍ॅसिटेट घातलं आणि… तुम्ही निघालात. गेटपर्यंत खिडकीतून दिसत होतात. परत टेबलाशी आलो तेव्हा वाटलं, सगळं घालून झालंय."

माझे कान तापले. मी नळ बंद केला.

"आजपासून खिडकीत उभं राहायचं नाही," मी म्हणाले. "गेटपर्यंत सोबत यायचं."

"आणि गेटच्या पुढे?"

"ते… चालता चालता ठरवू."

ठरवायला वेळ लागला. माझ्या घराच्या गल्लीवरून आम्ही दोनदा पुढे गेलो.