उरलेल्या रंगांचा जिना

रेघ शिडीवर होती आणि चष्मेवाला शिडीखालून चालला होता. खरं तर एवढंच घडलं.

बेकरीच्या नव्या पाटीवरच्या 'ब'चं पोट ती पिवळ्या रंगाने भरत होती. ब्रशच्या टोकाला एक थेंब लोंबायला लागला, डब्याच्या काठावर तो निपटून टाकावा म्हणून तिने हात वळवला, आणि थेंबाने आपली वाट धरली… थेट खालच्या माणसाच्या चष्म्याच्या डाव्या काचेवर.

"अगं बाई!" रेघ वरूनच ओरडली.

तो थांबला. मान वर केली. एक डोळा साधा, एक पिवळाजर्द.

"मला वाटलं, आज ऊन जरा जास्तच पडलंय," तो म्हणाला.

रेघला इतकं हसू फुटलं की शिडी हलली आणि त्याने पटकन ती धरली. ती खाली उतरली, खांद्यावरचं फडकं त्याच्यापुढे केलं.

"टर्पेंटाइनचं आहे. काच खराब होईल का हो?"

"होईल. पण असू दे, माझ्याकडे दुकान भरून काचा आहेत. कोपऱ्यावर नवीन आलोय ना मी, चष्म्याचं दुकान."

"ते? ज्याला पाटीच नाही?"

"पाटी नाही, म्हणून तर कुणी येत नाही." त्याने चष्मा काढून तिच्याकडे रोखून पाहिलं. चष्म्याशिवाय त्याचे डोळे थोडे गोंधळल्यासारखे, लहान मुलासारखे दिसत होते. "तुम्ही रंगवाल?"

"डोळा फोडायला निघाले होते, पाटी रंगवली की फिटंफाट होईल," रेघ म्हणाली.

तिचं खरं नाव कुणाच्या लक्षातही नव्हतं. शाळेत असताना शिकायला म्हणून ती काकांकडे आली. काका पाट्या रंगवायचे. त्यांच्या हाताखाली तिने पट्टी न लावता पहिली आडवी रेघ ओढली, तेव्हा काकांनी शेजारच्या घड्याळजीला हाक मारून ती दाखवली आणि म्हणाले, "बघ, ही आमची रेघ!" तेव्हापासून सगळ्या रस्त्याची ती रेघ झाली. पुढे काकांचा हात थरथरायला लागला आणि त्यांनी ब्रश तिच्या हाती दिला. आता ते फक्त रंग कालवायचे.

पाटीचं माप घ्यायला ती चष्मेवाल्याकडे गेली. आत एक खुर्ची, एक आरसा आणि भिंतीवर अक्षरांचा तक्ता. रेघ तक्त्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तिने कपाळाला हात लावला.

"हा 'क' बघा. एवढा मोठा पाय काढून बसलाय! आणि हा 'श'… याला तर उभंच राहता येत नाहीये."

"लोक अक्षर ओळखतात का, एवढंच बघायचं असतं ओ."

"ओळखतील, पण आदराने बघणार नाहीत."

तो हसला. हसताना तो मान खाली घालायचा, जणू हसू कुणी बघितलं तर परत द्यावं लागेल. पाटीवर काय हवंय ते विचारलं, तर बराच वेळ अडखळत राहिला. वर मोठ्या अक्षरांत 'चष्मे', एवढं ठरलं. खाली बारीक ओळीत काय?

"आधी मी एका मोठ्या दुकानात होतो," तो म्हणाला. "समोरचा माणूस 'थांबा हं, बघतो' म्हणायचा, तोवर पुढच्याला बोलवायची वेळ झालेली असायची. म्हणून… 'येथे डोळे निवांत तपासले जातात', असं चालेल?"

"चालेल काय? धावेल!" रेघ म्हणाली. मनात मात्र म्हणाली, निवांत… किती दिवसांनी कुणाच्या तोंडून ऐकला हा शब्द.

मग चष्मेवाला नमुन्याचे रंग बघायला म्हणून तिच्या घरी आला. घर वर, रंगकाम खाली, आणि मधे जिना. जिन्यापाशीच त्याचे पाय थबकले. प्रत्येक पायरी वेगळी होती. एक गर्द हिरवी, एक विटकरी, एक निळी, एक अशी काही जांभळी की पाऊल ठेवायला जीव होऊ नये.

"हे काय आहे?"

"उरलेले रंग. पाटी झाली की डब्याच्या तळाशी थोडा उरतोच. ही हिरवी म्हणजे फुलवाली, ही विटकरी म्हणजे शिंपीदादा. घड्याळजीचा रंग फारच थोडा उरला, म्हणून त्याला अर्धीच पायरी."

"आणि पायऱ्या संपल्या की?"

"मग खिडक्या. मग शेजाऱ्यांच्या खुर्च्या, कुंड्या, तिचाकी सायकली. लोक आणून ठेवतात आणि रंगून नेतात. जाताना कुणी पाव ठेवून जातं, कुणी फुलं. कात्रीला धार लावायला तर मी आजवर कुठे गेलेच नाही, कात्रीच आपली धार लावून घरी येते."

तो पायरीपायरीला थांबत वर चढला. वर काकूने चहा टाकला होता, काका खिडकीपाशी बसून दोन निळ्यांचा तिसरा निळा करत होते. चष्मेवाला इकडेतिकडे बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "तुमच्याकडे किती आहे हो…"

"काय?" काकूने विचारलं.

"सगळंच."

काकूने पातेल्यावरून मान उचलून रेघकडे असं काही पाहिलं की रेघला एकदम कप विसळायची आठवण झाली.

त्यानंतर चष्मेवाल्याला रंग पसंत पडेना. निळा जरा जास्त निळा वाटे, मग जरा कमी. रोज संध्याकाळी तो जिना चढायचा.

"सरळ सांगा ना, रंग हवाय की चहा?" रेघ एकदा म्हणाली.

"दोन्ही नको म्हटलं तर?"

"तर मग काय हवंय?"

"तुमचा नंबर."

"कुठला, फोनचा?"

"तो तुमच्या काकांनी केव्हाच दिलाय," तो म्हणाला आणि मान खाली घालून हसला. पण पुढचं वाक्य त्याच्या ओठांवरच राहिलं. कारण तो डोळ्यांचा नंबर म्हणत होता, आणि थट्टेत म्हणत नव्हता.

त्याने काही गोष्टी पाहिल्या होत्या. डब्यावरचं लेबल वाचताना रेघ हात लांब करायची, मान मागे न्यायची. बारीक काम झालं की कपाळ दाबून बसायची. तिला वाटायचं, हे कुणाला कळत नाही. काकांचा हात गेला, तेव्हा तिने बघितलं होतं की एका सकाळी ब्रश खाली ठेवला की तो पुन्हा उचलता येत नाही. अक्षर जवळून धूसर दिसायला लागलं तेव्हा तिने ते स्वतःलाही सांगितलं नाही. हात अक्षरं जाणतोच की, त्याला वाट दाखवायची काय गरज? असं म्हणत ती ढकलत होती.

पाटी झाली. 'चष्मे' असं डौलदार उतरलं होतं की फुलवाली म्हणाली, "आंधळा मागतो एक डोळा म्हणतात ना, तसं झालंय हो याचं!" आणि चष्मेवाल्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण दुसऱ्या दिवशी दिवा बसवायला तो शिडीवर चढला आणि बारीक ओळ त्याने जवळून पाहिली. 'निवांत'च्या वेलांटीचं टोक दांडीला भेटलंच नव्हतं. दोन रेषा एकमेकींवर चढल्या होत्या. खालून कुणालाही कळलं नसतं.

गप्प बसता आलं असतं. गप्प बसलो तर उद्याही चहा मिळेल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो खाली उतरला तो तिच्याकडेच गेला.

"रागावू नका," तो म्हणाला. "तुम्हाला जवळचं नीट दिसत नाहीये."

रेघने हातातलं फडकं बाजूला टाकलं.

"गिऱ्हाईक मिळेना म्हणून आता माझे डोळे सापडले का?"

"तसं नाही…"

"दिसेल त्याचा नंबर काढायची सवय लागलीय तुम्हाला! इतकी वर्षं मी पाट्या रंगवतेय, कुणी काही बोललं नाही!"

"कारण तुमचा हात फार चांगला आहे," तो शांतपणे म्हणाला. "हात एवढा चांगला, म्हणून डोळ्यांना कुणी विचारलंच नाही."

"या आता तुम्ही," रेघ म्हणाली. तो गेला.

पुढचे काही दिवस ती फक्त मोठी अक्षरं रंगवत राहिली. शिंपीदादाने बारीक ओळ लिहून मागितली तर म्हणाली, वेळ नाही. काकांनी ऐकलं. त्यांनी रंगाची काडी बाजूला ठेवली.

"रेघ, तुला वेळ नाही? तुला?"

आणि मग तिचा बांध फुटला, डोळ्यांचं आणि चष्मेवाल्याचं सगळं तिने सांगून टाकलं. ती रडून मोकळी होईपर्यंत काका थांबले. नंतर म्हणाले, "माझा हात थरथरला तेव्हा मीही रुसून बसलो होतो. आता माझं काय उरलं, म्हणायचो. एक दिवस तुझी काकू वैतागली, माझ्यासमोर दोन डबे आपटून म्हणाली, रेघ ओढता येत नाही ना, मग रंग तरी कालवा! कालवायला बसलो… आणि इतकी वर्षं मी रंग नुसता वापरत होतो, बघितला कधी नव्हता, हे तेव्हा कळलं. माझं तर गेलं होतं बाळा, तरी एवढं मिळालं. तुझं तर काही गेलेलंच नाही. नाकावर एक काच येईल, बस्स."

"आणि माझ्या नाकावर चष्मा कधीपासून बसलाय," काकू आतून म्हणाली, "माझं काही बिघडलंय? तो बिचारा खरं बोलला. गोड बोलणारे शंभर मिळतात गं."

रेघने तोंड धुतलं, आणि केस न विंचरताच कोपऱ्यावरच्या दुकानात गेली.

तो एकटाच होता. तिला पाहून उभा राहिला आणि हातातली फ्रेम कुठे ठेवावी हेच त्याला सुचेना.

"निवांत तपासता म्हणे," ती म्हणाली. "तपासा."

ती खुर्चीत बसली. त्याने तिच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम ठेवली, हातात बारीक अक्षरांचं कार्ड दिलं, आणि एकेक काच घालून विचारत गेला.

"हे बरं, की हे?"

"पहिलं… नाही, थांबा हं. बघते."

"बघा. घाई नाही."

ती बघत राहिली. त्याच्या बोटांना साबणाचा वास होता आणि काच बदलताना ती इतकी जपून हलायची की रेघला उगाचच वाटलं, नंबर सापडूच नये लवकर. मग त्याने आणखी एक काच घातली, आणि कार्डावरच्या अक्षरांना एकदम कडा आल्या.

"अय्या…"

तिने कार्ड खाली ठेवलं, आपला तळहात पाहिला. रेषारेषांत अडकलेला निळा, नखाच्या कडेचा हिरवा, कधीतरी भाजल्याची छोटीशी खूण. केवढं काय काय होतं तिथे! मग तिने मान वर केली. तो अगदी समोर, वाकलेला. भुवईत एक पांढरा केस, हनुवटीवर दाढी करताना राहून गेलेले दोन खुंट, आणि डोळ्यांत… डोळ्यांत जे होतं ते वाचायला तक्ता लागत नव्हता.

"इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहतेय तुम्हाला," ती म्हणाली.

"मग? कसं आहे अक्षर?"

"बरं आहे. आदराने बघण्यासारखं आहे."

चष्मा तयार झाला त्या दिवशी दुपारी ती शिडी घेऊन आली. जुनी बारीक ओळ पुसली आणि नव्याने लिहायला घेतली. चष्मेवाला शिडी धरून उभा. 'येथे' झालं, 'डोळे' झालं. 'निवांत'ची वेलांटी अशी येऊन दांडीला भेटली की तिचं तिलाच कौतुक वाटलं. 'तपासले' पूर्ण करून ती कंबर मोकळी करायला दोन पायऱ्या खाली आली. आता त्याचं डोकं तिच्या खांद्याशी होतं.

"एक सांगायचं होतं," तो म्हणाला. "म्हणजे… सकाळपासून मी जुळवतोय, पण ते… म्हणजे रंग पसंत पडत नव्हता तो काही रंगामुळे नाही…"

"मला तुम्ही आवडता," रेघ म्हणाली.

"हेच मी म्हणणार होतो."

"मग म्हणा ना."

"आता तुम्ही म्हटलंत की."

"तरी म्हणा. मी माझं दिलं, मला तुमचं हवंय."

नेमकी तेव्हाच एक बस घरघरत आली. बसच्या आवाजावर मात करायला त्याने ते मोठ्याने म्हटलं, आणि बस मधेच बंद पडली. "…आवडता तुम्ही!" ऐन शांततेत सगळ्या रस्त्याने ऐकलं. बेकरीवाला ट्रे घेऊन दारातच थांबला. फुलवालीने टाळी वाजवली. घड्याळजीने डोळ्यावरचं भिंग वर सरकवलं.

चष्मेवाल्याची मान आपोआप खाली जायला लागली. रेघने दोन बोटांनी ती वर केली. त्याच्या हनुवटीला निळा रंग लागला, आणि तो हसला तो अगदी सगळ्यांसमोर, पूर्ण.

रेघने ब्रश डब्यात बुडवला, काठावर निपटला आणि वर चढायला लागली.

"अरे, नीट धर ना शिडी," ती म्हणाली. "'जातात' राहिलंय अजून."