जयवंताबाईंच्या नावाचे मेल

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाही तर सोडून द्या. पण हे माझ्या सख्ख्या नणंदेच्या बाबतीत घडलंय, आणि ती थापा मारणारी बाई नाही.

गेल्या एप्रिलची गोष्ट. हैदराबाद. भर दुपारची वेळ.

चारुलता आबिड्सला एका ऑफिसात हिशेब बघते. डबा उघडून तिने पहिला घास घेतला, तोच मोबाईलवर मेल आला.

'जयवंताबाई, तुमच्या फ्लॅटमधून घाण वास येतोय. मोरी साफ करून घ्या.'

खाली बेगम बाजारामागच्या कुठल्याशा बिल्डिंगचं नाव. सेक्रेटरी, हिम्मतराव.

चारुलताचं घर नामपल्लीला. तिने लगेच उत्तर टाकलं, 'पत्ता चुकलाय. मी जयवंताबाई नाही.'

तिच्या लेखी विषय संपला.

आठवड्याने... पुन्हा मेल. पुन्हा ऐन जेवताना.

'जयवंताबाई, दाराशी माशा घोंगावताहेत. शेजाऱ्यांना अन्न जात नाही.'

तिने पुन्हा कळवलं. मी ती नाही.

पुढच्या मेलसोबत फोटो होता. उघडायला नको होता... पण बोट लागलंच.

बंद दार. दाराखालून ओघळलेलं काळपट, चिकट पाणी. आणि त्या पाण्यात तांदळाच्या शितांसारखं काहीतरी पांढरं...

वळवळणारं असणार. फोटोत कळत नव्हतं एवढंच.

डब्यात भातच होता. चारुलता तोंड दाबून बेसिनकडे धावली.

संध्याकाळी तिने मेलखालचा नंबर फिरवला. चांगलीच भडकली होती.

"अहो, किती वेळा कळवायचं? ते मेल मला येतात! त्या बाईंना तोंडी सांगा ना!"

"रोज सांगतो की ताई," हिम्मतराव म्हणाले. "दार उघडायला नक्कोच म्हणतात. आतूनच बोलतात, मेल टाका म्हणून. हा पत्ता त्यांनीच दिला. एकेक अक्षर सांगून लिहून घ्यायला लावला."

"माझा पत्ता? मी त्यांना ओळखतसुद्धा नाही!"

"आता मी काय बोलू..."

"आणि माझी उत्तरं? ती नाही वाचलीत?"

"वाचली ना. दर खेपेला एकच असतं. 'जरा थांबा, आवरते.'"

चारुलताने पाठवलेले मेल उघडून पाहिले. तिचेच शब्द होते. मी जयवंताबाई नाही.

रविवारी सकाळी ती नवऱ्याला, गौतमरावांना घेऊन तिथे गेली. हा घोळ एकदाचा मिटवायचा होता.

वास जिन्यातच सुरू झाला. गोडसर. कुजका. घशाला साय धरावी तसा चिकटणारा. गौतमरावांनी रुमाल लावला. हिम्मतराव तोंडाला पंचा बांधूनच खाली उभे होते.

तिसऱ्या मजल्यावर त्यांनी दार वाजवलं. "जयवंताबाई! ज्यांना मेल जातात, त्या ताई आल्यात!"

आत काहीतरी ओलं सरकलं. थप्... थप्... दारापर्यंत येऊन थांबलं.

"आलीस का गं?"

म्हातारा, भरलेल्या घशातून आलेला आवाज.

"जरा थांब. आवरते."

तिघांनीही ऐकलं. गौतमराव आजही शपथेवर सांगतात.

त्यानंतर कितीही हाका मारल्या तरी आतून चकार शब्द आला नाही. शेवटी पोलिसांना बोलावलं. दार फोडलं.

जयवंताबाई स्वयंपाकघरात ओट्याखाली पडल्या होत्या. चेहरा असा उरलाच नव्हता. साडी फरशीला चिकटून फरशीचीच झाली होती. माशांचा लोट उठला तो थेट दाराकडे, आणि त्यातली एक चारुलताच्या ओठांवर बसली.

"महिना उलटून गेला बाई जाऊन," पोलीस म्हणाले.

"काय बोलता साहेब?" हिम्मतरावांनी तोंडावरचा पंचा खाली ओढला. "आत्ता बोलल्या ना!"

घरात दुसरं कुणी नव्हतं. खिडक्या आतून बंद. मोबाईल नाही, कॉम्प्युटर नाही. आणि समोरची शेजारीण म्हणाली, जयवंताबाईंना अक्षर ओळखता येत नव्हतं. कागदावर अंगठाच द्यायच्या.

मग त्यांनी अक्षरं सांगितली कशी...?

चारुलताने घरी येऊन ते मेलचं खातंच बंद करून टाकलं. पुन्हा मेल आला नाही. भात मात्र सुटला तो सुटलाच.

मागच्या आठवड्यात मी तिला भेटायला गेले होते. सगळ्या खिडक्या उघड्या. फिनाईलने पुसलेली फरशी, चार कोपऱ्यांत उदबत्त्या. ती नुकतीच न्हाऊन आली होती. गौतमराव म्हणाले, दिवसभरात सारखी न्हात असते.

ते चहा करायला आत गेले, तशी चारुलता माझ्या अगदी जवळ सरकली. मनगट घट्ट धरलं.

"वहिनी, खरं सांग. माझा वास येतो का गं?"

"छे गं! वेडी का तू?" मी म्हटलं.

तिला इतकं बरं वाटलं... कितीतरी दिवसांनी ती हसली.

मी चहा न घेताच निघाले. कशीबशी जिना उतरले, आणि खाली गटाराशी बसून पोटातलं सगळं ओकून टाकलं.