इस्पेन बंगल्याची भिंत

“आक्का, सर बाजूले!”

“नाई सरत!”

दर्शनी दाराच्या उजव्या अंगाला, ओसरीच्या भिंतीला पाठ लावून, दोन्ही तळवे मागे गिलाव्यावर घट्ट टेकवून कोकिळा उभी होती. आणि तिच्यासमोर थापीवर ओलं सिमेंट तोलत रामराव गवंडी असा अवघडला होता की, ते भिंतीला लावावं की घमेल्यात परत टाकावं हेच त्या बिचाऱ्याला कळेना. दाराला लागून हातभर जागा त्याने आधीच गुळगुळीत करून टाकली होती. कोकिळा देवळातून परतली ती नेमकी त्याच वेळी... पूजेचं ताट तिने पायरीवर ठेवलं, पदर खोचला आणि साठीकडे झुकलेली ती बाई सरळ भिंतीला जाऊन भिडली!

तिचे धाकटे भाऊ उत्तमराव संतापाने लाल झाले होते. त्यांचं तरी चूक कसं म्हणावं? नांदुऱ्याच्या स्टेशनकडून येणारा रस्ता रुंद व्हायचा होता आणि आखणीत बंगल्याचा सगळा दर्शनी भाग जात होता. घर जपून ठेवण्याच्या लायकीचं आहे की नाही हे पाहायला नागपूरहून साहेब आजच सकाळच्या गाडीने यायचे होते. आणि पाहुणा येणार म्हटलं की आपल्याकडे आधी काय निघतं? रंगसफेदी! जावई येवो नाहीतर साहेब येवो, भिंत कशी आरशासारखी दिसली पाहिजे. जुनं घर जुनं म्हणून दाखवायचं, त्यासाठी उत्तमरावांनी ते नवं करायला काढलं होतं!

“साहेबासमोर इज्जत जाईन आपली,” उत्तमराव म्हणाले. “म्हणन, पैसा सरला म्हणून भिंत अर्धीच सोडली. तीस वर्सं लोकायचं हासू ऐकलं म्या!”

“लोकायचं ऐकलं. माहं कधी ऐकलं काय रे, उत्तम?”

“तुहं काय ऐकाचं राह्यलं?”

काय राहिलं! कोकिळेने त्याच्याकडे रोखून पाहिलं... हा प्रश्न याने विचारावा? जगात कुणीही विचारावा, पण याने?

वडील, भगवंतराव, कापूस घेऊन मुंबईला गेले होते तेव्हा समुद्राकाठी त्यांनी एक बंगला पाहिला, स्पेन देशाच्या धर्तीवरचा. गोल कमानी, पीळदार खांब, छपरावर अर्धगोल लाल कवेलू आणि हाताने फिरवल्यासारख्या खडबडीत पांढऱ्या भिंती... परतले ते तेच वेड घेऊन. गावाने ‘इस्पेन बंगला’ म्हणून आधी थट्टा केली, मग तेच नाव चिकटलं. कवेलू काय, ते तर वऱ्हाडात घरोघरी होते. कमानीही जमल्या. पण भिंतींसाठी मुंबईहून आणलेला कारागीर हातभर नमुना करून दाखवतो न दाखवतो तोच त्याच्या घरून तार आली, आणि तो गेला तो गेलाच. गावचे गवंडी तो नमुना पाहून लांबूनच हात जोडत. घोटून घोटून गिलावा चकचकीत करण्यात त्यांचं सारं नाव. असलं ओबडधोबड काम करून आपलं हसं कोण करून घेणार? इकडे वास्तुशांतीचा मुहूर्त धरलेला, त्याच मांडवात उत्तमचं लग्न, आणि तोवर अंथरुणाला खिळलेले वडील उघड्या विटांकडे पाहून डोळे टिपत होते.

कोकिळा तेव्हा विशीतली. पांढरं कपाळ घेऊन माहेरी परतलेली... ती त्या नमुन्यासमोर उभी राहिली आणि तिला हसूच आलं. अगं बाई, हे तर सारवण! मनगटाचा तोच अर्धा फेर, बोटांची तीच ओढ. फक्त शेणाच्या जागी चुना आणि भुईच्या जागी भिंत! बारदानाचे पडदे लावून, रोज पहाटे माणसं जागी व्हायच्या आत, तिने सारं घर सारवून काढलं. चुन्याने तळव्यांची सालं गेली, रक्त आलं, तरी मनगट थांबलं नाही. मोठ्या घरची विधवा लेक गवंडीकाम करते हे व्याह्यांच्या कानी गेलं तर लग्न मोडेल, म्हणून आपणही गप्प राहायचं वचन देऊन तिनेच उत्तमला शपथ घातली, “कोनाले सांगू नको.”

त्याने नाही सांगितलं. उलट व्याह्यांनी कौतुकाने विचारलं तेव्हा छाती फुगवून म्हणाला, “मुंबईच्या कारागिराचं काम हाय!” आणि वास्तुशांतीला नव्या नवरीसकट सवाष्णींनी दाराच्या चौकटीवर हळदीचे पंजे उमटवले, तेव्हा जिच्या पंजांनी अख्खं घर नटलं होतं ती मागे न्हाणीपाशी बसून होती... अपशकून नको म्हणून! तिथे बस म्हणून सांगायला कोण आलं होतं? उत्तमच!

भावाचा संसार फुलला, त्यातच तिने आपलं सुख मानलं. दर दिवाळीला घरात कुंचला फिरे. ओसरीच्या भिंतींना मात्र ती हात लावू देत नसे. का, ते कुणी विचारलं नव्हतं.

उत्तमरावांची बायको रुख्मिणी धावत बाहेर आली. “आक्का, साहेब येऊन राह्यले न! एका भिंतीसाठी काऊन असा तमाशा करता?”

“हात धरून बाजूले घे तिले!” उत्तमराव ओरडले.

“हात लावून पाह्य!” कोकिळेचा आवाज कमानींत घुमला. इतकी वर्षं ज्या कंठातून चढा शब्द निघाला नव्हता, तो हाच का, असं रुख्मिणीला वाटून गेलं. “ऐक उत्तम! गप राह्याचं वचन म्या तुले देल्लं होतं. भिंत नाई देल्ली! सिमेट लावाचं असन तं माह्या अंगावरून लावा. रामराव, थाप!”

रामरावने थापी घमेल्यात टाकली. “माह्यानं नाई होत, मालक.”

“कोनतं वचन?” रुख्मिणी एकाकडून दुसऱ्याकडे पाहू लागली. तोवर फाटकाशी टांगा थांबला होता.

पाटणकर साहेब किडकिडीत, अबोल गृहस्थ होते. त्यांनी टेप लावून कमानी मापल्या, खांबांची चित्रं काढली, कवेलूंचे फोटो घेतले, घर बांधल्याचं साल विचारलं. उत्तमरावांनी पुढे केलेला चहा तसाच निवत राहिला. शेवटी साहेब ओसरीच्या भिंतीपाशी आले, तळवा फिरवला आणि थबकले.

“अशा कमानी, असे खांब मुंबईत पुष्कळ आहेत. पण असा गिलावा मी कुठे पाहिला नाही. कोणाचं काम?”

“मुंबईच्या कारागिराचं!” उत्तमराव म्हणाले. तीस वर्षं घासलेलं खोटं, सहज ओठांवर आलं आणि साहेबांच्या वहीत उतरलं...

कोकिळेने डोळे मिटले. आजही? आजही हेच?

साहेब मात्र भिंतीलगत वाकून हळूहळू दाराकडे सरकत होते. “हात लहान दिसतो हो त्याचा. इथपर्यंत पाची बोटं स्वच्छ उमटलीत... आणि दाराजवळ बोटंच नाहीत. ही कापडाची वीण आहे. हाताला चिंधी गुंडाळून काम केलंय. फार दुखावला असावा हात.” मग ती वीण पुढे ओल्या सिमेंटखाली गेलेली पाहून ते चमकले. “आणि नेमका हाच भाग का झाकलात?” त्यांनी कोकिळेकडे पाहिलं. “बाई, तुम्हाला काही माहीत आहे?”

“ज्याले माहीत हाय त्याले इचारा, साहेब,” कोकिळा ताठ मानेने म्हणाली. “म्या गाऱ्हानं सांगाले उभी नाई. भिंत राखाले उभी हाय.”

उत्तमराव पुढे झाले. त्यांनी विणीवर बोट टेकवलं...

“थे कापड... थे माह्या फेट्याचं हाय.”

“तुमच्या?” रुख्मिणी पुटपुटली.

“लग्नाच्या फेट्याचं! शेवटची भिंत राह्यली होती, अन् हिच्या हातातून रक्त गळून राह्यलं होतं. म्या नव्या फेट्याचं टोक फाडलं, हिच्या हाताले बांधलं. फाटकं टोक आत खोसून मी बोहल्यावर चढलो!” बोलता बोलता त्या म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाला हुंदका आवरेना. “मुंबईचा कोनी नाई, साहेब! तवाई खोटं बोललो, आजई खोटं बोललो. हे घर माह्या आक्कानं सारवलं... अन् म्या तिले न्हानीपाशी बसवलं! येता-जाता थो ठसा मले दिसे. म्हणून आधी त्याच्यावरच सिमेट टाकाले लावलं!”

कोकिळेला वाटलं होतं, हा फेटा कधीच विसरला! तीस वर्षं दोघंही त्याच एका चिंधीपाशी उभी होती, आणि दोघांनीही तोंड उघडलं नव्हतं...

एकाएकी उत्तमराव गुडघ्यांवर बसले आणि नुसत्या हातांनी ते सिमेंट ओरबाडू लागले.

“नखं नको लावू रे, गिलावा निघन!” कोकिळा ओरडली. “पान्यानं धुव! रुख्मिणी, पानी आन!”

रुख्मिणीने बादली आणली, ओतत राहिली, उत्तमराव धूत राहिले आणि सिमेंटच्या राखाडी ओघळांखालून विणीचा तो पांढरा ठसा हळूहळू वर आला. साहेबांनी पुन्हा पेन काढलं. “कारागिराचं नाव?”

उत्तमराव तोंड उघडणार, तोच कोकिळेने हात वर केला. “मीच सांगीन. लिहा, कोकिळा. भगवंतरावाची लेक. अन् मुंबई खोडा!”

साहेब पहिल्यांदाच हसले. “रस्त्याचं माझ्या हातात नाही, बाई. पण मुंबईची नक्कल एवढंच लिहून परत जाईन असं वाटलं होतं. आता तसं लिहिता येणार नाही.”

(पुढे तो रस्ता बंगल्यापाशी थोडा वळला. एसटीचे ड्रायव्हर त्या वळणाला नावं ठेवतात, पण गाडी हळू करतात.)

साहेब गेल्यावर रुख्मिणी कोकिळेच्या पायांशी वाकली. “माह्या हळदीचा पंजा तं पह्यल्याच दिवाळीत पुसला, आक्का. तुमचा राह्यला.”

“ऊठ व. चुलीवर दूध हाय तुहं,” कोकिळा म्हणाली आणि स्वतःच आत जाऊन तुपाची वाटी घेऊन आली. उत्तमराव दर्शनी पायरीवर बसले होते. सिमेंटने त्यांची बोटं सोलून निघाली होती, तळवे लालभडक झाले होते. तिने एक तळवा मांडीवर घेतला आणि हलक्या हाताने तूप लावू लागली.

ते तिच्या हातांकडे पाहत राहिले. मग लहान पोरासारखं त्यांनी विचारलं, “आक्का... तवा तुह्या हाताले तूप कोनं लावलं होतं व?”

“कोनी नाई,” कोकिळा म्हणाली, आणि तिने त्यांचा दुसरा तळवा ओढून घेतला.