सावलीचं उत्तर

“हे गाव सोडून नव्या वसाहतीत जायला तुम्ही तयार आहात का?” शर्वाणीने विचारलं.

“थांबा ताई, पाहून सांगतो,” असं म्हणत गिरिजाबाई येरण्यांनी कमरेचा फोन काढला, पडद्यावरून बोट फिरवलं आणि सांगितलं, “हो. तयार हाय.”

कोळशाच्या खाणीला लागून असलेल्या या गावात शर्वाणी दातार पडताळणीसाठी आली होती. सर्वेक्षणासाठी दारोदार फिरणं आता जवळपास बंदच झालं होतं. प्रत्येक नागरिकाचं एक प्रतिरूप संगणकात तयार असे. त्याची खरेदी, दुखणी, वीजवापर, फोनवरचं बोलणं अशा बारीकसारीक खुणांतून ते घडवलेलं असे, आणि प्रश्न त्यालाच विचारले जात. लोक त्याला सावली म्हणत. कायद्याने प्रत्येकाला आपल्या सावलीची उत्तरं फोनवर पाहायची मुभा होती. खाण वाढवायची असल्याने पुण्यातल्या संस्थेने या गावच्या सावल्यांना स्थलांतराबद्दल विचारलं तेव्हा बहुतेकांनी होकार दिला होता. मोजक्या खऱ्या माणसांना भेटून तो होकार तपासायचा, एवढंच शर्वाणीचं काम होतं.

उत्तरं तंतोतंत जुळत होती. संस्थेचे प्रमुख डॉ. पारुळेकर खूश झाले. लोक फोनमध्ये बघून बोलतात, असं शर्वाणीने त्यांना कळवलं. त्यावर त्यांनी शांतपणे विचारलं की, जुळतंय ना, मग अडचण काय? तिने आणखी काही दिवस राहायची परवानगी मागून घेतली. मुलाखतीतून हाती लागत नाही ते माणसांत राहून, त्यांच्या कामाला हात लावून दिसतं. सहभागी निरीक्षणाची ही पद्धत तिने शिकली होती, पण वापरायची वेळ कधी आली नव्हती.

ती गिरिजाबाईंकडेच राहिली. बाईंनी घरामागे नवी न्हाणी बांधायला काढली होती. गवंड्याच्या हाताखाली त्या स्वतः राबत. शर्वाणीही विटा उचलू लागली. शेजारच्या घरात शेणखताचा नवा खड्डा खणला जात होता, पलीकडे कुणी विहिरीचा कठडा दुरुस्त करत होतं. जायला निघालेलं गाव असं दिसत नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

एका दुपारी तिने विचारलं, “जायचं आहे, मग ही न्हाणी कशाला?”

गिरिजाबाईंच्या हातातलं घमेलं तसंच राहिलं. उत्तर सुचवायचं नाही, वाट पाहायची, हे शर्वाणीला ठाऊक होतं. बाईंनी कमरेला हात लावला, पण फोन काढला नाही.

“जायचं हाय म्हणून फोनात पाहून समजलं होतं,” त्या हळूच म्हणाल्या. “पण मले जाऊशी वाटते का, हे मी पाहिलंच नाही.”

शर्वाणीने हे पारुळेकरांना फोनवर कळवलं. त्यांना त्यात रस वाटला. “निरीक्षणं पाठव,” ते म्हणाले. “प्रतिरूपं सुधारून घेऊ. मग ती नकार देतील.”

“आणि तो नकार वाचून गावही नकार देईल, सर.”



तिने निरीक्षणं पाठवली नाहीत. स्थलांतरावरची ग्रामसभा होईपर्यंत या प्रश्नावरची सावल्यांची उत्तरं झाकून ठेवा, नाहीतर पडताळणीवर सही करणार नाही, असं तिने लेखी कळवलं. पारुळेकर चिडले, खाणीचा निर्णय लांबणार होता. पण सहीवाचून त्यांचंही अडत होतं. अखेर त्यांनी मान्य केलं.

गिरिजाबाईंना तिने स्वतः जाऊन सांगितलं की, आता फोनमध्ये काही दिसणार नाही, सभेत ज्याचं त्याने बोलायचं. बाईंचा चेहरा उतरला. आधाराची काठी कुणी काढून घ्यावी तशा त्या अर्धवट बांधलेल्या भिंतीला टेकल्या. खाणीतल्या सुरुंगाचा आवाज आला, पायाखालची जमीन थरथरली, थांबली.

“मले येळ लागन, ताई,” त्या म्हणाल्या. “आपल्याले काय पाहिजे, हे एकट्यानं कसं ठरवतेत?”