मेसाईच्या डोंगराची किंमत

पहिल्यांदा मी त्याला पाहिलं तेव्हा तो आमच्या डोंगरावर एका कडुलिंबाच्या झाडाला मिठी मारून उभा होता.

"काय पाव्हणं, सुपारी फुटली का तिच्याशी?" मी खालूनच ओरडले.

तो असा दचकला की हातातला टेप सुटला. झाडाचा घेर मोजत होता बिचारा.

"न्हाई अजून," तो म्हणाला, "आधी वय विचारतोय."

मला हसू आलं, पण मी ते गिळलं. त्या दिवसांत टेप घेऊन आलेल्या माणसाशी हसायची आमच्या वाडीला सोय नव्हती. वडवणीच्या एका ठेकेदाराने खडी काढायला हा अख्खा डोंगर सरकारकडे मागितला होता, आणि महिन्याभरात बीडला त्याची सुनावणी होती.

"ठेकेदाराचे का तुमी?"

"न्हाई हो. मी धर्मराज, मांजरसुंब्याचा. आमच्या संस्थेला सरकारनं काम दिलंय. हा डोंगर गावाला वर्षाला किती रुपयांचं देतो ते काढायचं... गवत, सरपण, सीताफळं, विहिरीचं पाणी. ठेकेदार खडीची किंमत सांगणार, तर समोर डोंगराचीबी सांगायला नको?"

"उद्या माझ्या आईचीबी काढाल!" माझं डोकंच फिरलं.

मी प्रियदर्शनी. दोन वर्षं बीडला क्लास लावून दोनदा परीक्षेत नापास झाले आणि वाडीवर परत आले. परीक्षा गेली, पण जीभ तेवढी शाबूत राहिली. त्या जिभेमुळेच सरपंचांनी मला त्याच्याबरोबर घरोघर फिरायला लावलं.

आमच्याकडे एक रीत आहे. डोंगराच्या पायथ्याला मेसाई बसलेली आहे, आणि तिच्या डोंगरावरून आणलेलं काही तराजूत घालायचं नाही. सीताफळं खावीत, शेजारी द्यावीत, बाळंतिणीला, पाव्हण्याला द्यावीत. वजन केलं, विकलं, की मेसाई रुसते. म्हणून मी आदल्या दिवशीच प्रत्येक घरी सांगून आले होते: त्यानं पैशाचं विचारलं की काहीच न्हाई म्हणायचं. देवीचा सौदा करायचा न्हाई.

त्याचा प्रश्न एकच होता. डोंगर राहावा म्हणून तुमच्या घरातून वर्षाला किती द्याल?

"शून्य लिव्ह, लेकरा," छबुबाई म्हणाली. वाडीतली सगळ्यांत म्हातारी बाई ती. "आईचं मोल करत्यात का कुठं?"

"आजी, नीट विचार करून सांगा..."

"केला इचार. लिव्ह."

प्रत्येक उंबऱ्यावर हेच. दर वेळी त्याचं पेन थांबायचं, आणि तो माझ्याकडे बघायचा. चांगलं दोन-तीन क्षण बघायचा. मला वाटलं, निमित्त शोधतोय. खोटं कशाला बोलू, मला आवडलं ते.

दुपारी परतीच्या पावसाची एक सर आली. आम्ही दोघं मेसाईच्या देवळाच्या पडवीत शिरलो. मी एक पिकलेलं सीताफळ फोडून त्याच्या हातावर ठेवलं. त्याचा हात खिशाकडे गेला, तशी मी चापट मारली.

"इथं पैसं चालत न्हाईत."

"मग काय चालतं?"

"गप बसून खाणं."

तो गप बसून खाऊ लागला. पागोळ्या गळत होत्या, ओल्या मातीचा वास होता, आणि आमच्या दोघांत हातभर अंतर होतं. ते तेवढंच ठेवायला मला तरी लई कष्ट पडले.

आठ दिवसांनी तो आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. त्याने देवळाच्या पायरीवर कागद पसरला.

"अडुसष्ट घरं. सीताफळाची विक्री शून्य, गवताची शून्य. डोंगरासाठी द्यायची तयारी... शून्य. कागदावर तुमच्या डोंगराची किंमत काहीच न्हाई, प्रियदर्शनी."

आजवर तो मला मॅडम म्हणायचा.

"अहो, पण आमचा अर्थ तसा नव्हता!"

"मला कळतो की अर्थ. कागदाला कळत न्हाई."

"मग तवाच कावून न्हाई बोललात?"

"उत्तर लोकांच्या तोंडात घालायची आमाला परवानगी न्हाई. म्हणून तर थांबत होतो... तुमच्याकडं बघत होतो."

म्हणजे बघणं त्यासाठी होतं! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. पण त्याहून मोठी गोष्ट लगेच ध्यानात आली. अडुसष्ट घरं माझ्या शब्दावर शून्य म्हणाली होती. ठेकेदाराला डोंगर मीच देऊन बसले होते.

"आकडा बदला," मी म्हणाले.

"न्हाई."

"माझ्यासाठी...?"

त्याने कागदाची घडी घातली. मग हळूच म्हणाला, "तुमच्यासाठी तर मुळीच न्हाई. खोटा आकडा सुनावणीत एका प्रश्नानं पडतो, आन डोंगरबी त्याच्यासंगं जाईल. एक वाट हाय. लोक काय देतील ते विचारायचं न्हाई, डोंगरावरून खाली काय येतं ते मोजायचं. पण त्याला तराजू लागंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डोंगराच्या पायवाटेवर काटा टांगला. पहिलं गवताचं ओझं मी माझ्याच डोक्यावरून उतरवून घातलं. दोन दिवस दुसऱ्या कुणीही ओझं टेकवलं नाही. बाया तोंड फिरवून जात होत्या. आईने मला भाकरी वाढली, पण शब्द बोलली नाही. जिथं जन्मले तिथं परकी झाल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या दिवशी छबुबाई आली. सरपणाची मोळी तिने स्वतःच काट्याला अडकवली.

"कर वजन, बये. पाप लागायचं तर मला म्हातारीला लागू दे. मेसाईचा डोंगरच गेला तर ती रुसून तरी बसंल कुठं?"

मग रांग लागली. पंधरा दिवस तो वजन पुकारायचा, मी वहीत लिहायचे, आणि प्रत्येक ओझ्यापुढे ज्याची त्याची सही नाहीतर अंगठा. विहिरींच्या पाण्याचा हिशेब शेजारच्या उघड्या माळावरच्या गावाशी लावला, जिथं उन्हाळाभर विकतचा टँकर येतो. त्यावरून वर्षाची बेरीज आली एकतीस लाख चाळीस हजार. ठेकेदार सरकारला वर्षाला बावीस लाख देणार होता.

सुनावणीला बीडला आम्ही जीप भरून गेलो. माझे वडील, रामकिसन आबा, माझ्या शेजारीच बसले होते. सुनावणी घेणाऱ्या साहेबांपुढे धर्मराजने आकडे वाचले. ठेकेदाराचे वकील उठले.

"या गावात तुमचं कुणी नात्यातलं? काही हितसंबंध?"

नुसतं नाही म्हणाला असता तर विषय तिथंच मिटला असता. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं.

"नातं नाही, साहेब. पण लपवणं बरोबर नाही... ज्यांनी ही वजनं लिहिली, त्या प्रियदर्शनीवर माझं प्रेम आहे. त्यांना मी अजून सांगितलेलं नाही."

सगळं दालन हसलं. वकील म्हणाले, "मग साहेब, हे आकडे खरे कसे धरायचे?" आणि साहेबांनी पेन खाली ठेवलं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अख्खा डोंगर, पंधरा दिवसांचे कष्ट, म्हातारीने डोक्यावर घेतलेलं पाप, आणि हा बाबा खरं बोलतोय! मेल्या, हेच उद्या सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? पण मग उमगलं, की असा होता म्हणूनच तर त्याच्या आकड्यावर मी जीव टाकला होता. मी उठले.

"साहेब, आमचं खरं मानू नका. तुमचा काटा आणा, तुमचा माणूस बसवा, परत मोजा. वाडी ओझी घेऊन उभी राहील."

साहेबांनी चष्मा काढला. "आणि हे आत्ता जे म्हणाले, त्याचं काय?"

आबा जमिनीकडे बघत होते.

"तेबी खरं हाय, साहेब... दोन्हीकडून."

यावेळी कुणी हसलं नाही.

साहेबांच्या हुकमाने तहसीलची माणसं आली, त्यांनी महिनाभर मोजलं. त्यांचा आकडा धर्मराजच्या आकड्याहून थोडा जास्तच निघाला. ठेकेदाराचा अर्ज नामंजूर झाला. पण संस्थेने धर्मराजला सुनावणीच्या आठवड्यातच कामावरून काढलं होतं.

आमच्याकडे पाव्हणे मुलगी बघायला येतात. आबा मलाच घेऊन मुलगा बघायला मांजरसुंब्याला निघाले. त्याच्या वडिलांचा रस्त्याकडेला ढाबा आहे. त्यांनी खुर्च्या पुसल्या, आम्हाला बसवलं आणि अवघडून म्हणाले, "आधीच सांगितलेलं बरं. पोराची नोकरी गेलीय. सध्या हितंच असतो."

"आमाला ठाव हाय," आबा म्हणाले. "लेक देताना लोक जमीन बघत्यात, नोकरी बघत्यात. मी त्याला भरल्या कचेरीत, सगळं हातचं जात असताना खरं बोलताना बघितलंय. अजून काय बघू?"

धर्मराज पाण्याचे ग्लास घेऊन आला. मी ग्लास घेतला. चार माणसांत रडायचं नाही असं ठरवून आले होते, पण ते काही मला जमलं नाही.